लेक कडेवर, कृष्णा शेजारी

आधी चपला काढा. देवळात शिरायचं म्हणून नव्हे, पाण्यात उतरायचं म्हणून. या काठावर एकच नियम आहे: कृष्णेत पाय बुडवला की साल बदलतं. कुठलं साल लागेल ते नदीच्या मनावर. तुम्ही फक्त लेकीचं मनगट घट्ट धरायचं, कारण ती पाच वर्षांची आहे आणि शेवाळलेल्या पायरीची तिला अजून भीती वाटत नाही. आजी मागून येते आहे. तिच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक टॉवेल आणि लेकीचे दोन कोरडे फ्रॉक आहेत.

वाट सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली. धोमला सुरुवात करायची आणि पाण्याबरोबर खाली यायचं: मेणवली, वाई, माहुली, उंब्रज, बाहे, हरिपूर, आणि तिथून जरा मागं, सांगली. दोन दिवस पुरतात. यादी वाढवायची म्हटली तर कमी नाही. पाटेश्वरच्या गुहांतल्या पिंडी, शिखर शिंगणापूर, सज्जनगड, तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपुर, सगळी थोर ठिकाणं. पण लहान मूल बरोबर असताना देवळं मोजत फिरलं की मूल रडतं, मोठी माणसं एकमेकांवर चिडतात आणि देव कुणालाच दिसत नाही. नदी धरून गेलं की असं होत नाही. पाण्याजवळ मूल कंटाळत नाही. आणि माझं तर ठाम मत आहे की या काठावरची देवळं ज्यांनी बांधली, त्यांचं अर्धं लक्ष देवावर होतं आणि अर्धं पाण्यावर.

धोमला आजी नृसिंहाच्या दर्शनाला जाते. लेकीला महादेवासमोरच्या हौदानं धरून ठेवलंय. हौद दगडाचा, कमळाच्या आकाराचा. मधोमध कासव, कासवाच्या पाठीवर नंदी. आत्ता तळाशी वाळकी पानं आहेत. तुम्ही नदीवर जाऊन पाय ओले करून येता आणि परत हौदाशी येईपर्यंत अठरावं शतक लागलेलं असतं. दगडावर छिन्नीचे घाव अजून पांढरे आहेत. कावडीनं पाणी आणून ओततायत. पाणी कासवाच्या पायांवर चढतं, मग पाठीच्या कडेला येतं, आणि पाथरवट दोन पावलं मागं सरून डोळे बारीक करून बघत राहतो. तुम्हाला भरलेला हौद दिसतो, बाकी काही नाही. लेक मात्र उकिडवी बसलीय, हनुवटी हौदाच्या पाकळीवर टेकवून, आणि ओरडते, "चाललं! कासव चाललं!" मग तुम्हीही वाकता. त्या उंचीवरून पाहिलं की खरोखरच कासव नंदीला घेऊन पाण्यावर तरंगतंय.

"त्याला जड होत नाही?" ती पाथरवटाला विचारते.

"पान्यात वझं कळत न्हाई, बाय," तो म्हणतो आणि पुढची कावड मागवतो.

मेणवली फार लांब नाही. वाड्यापेक्षा आधी घाटावर या. अर्धचंद्रासारखा वळलेला घाट, रुंद पायऱ्या, वर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. 'स्वदेस' सिनेमामुळं हा काठ आता साऱ्या देशाला तोंडओळखीचा झालाय, पण तुम्ही पाय बुडवता तेव्हा वाड्यात नाना फडणवीसांचं दफ्तर भरलेलं असतं आणि घाटावर धुणी आपटण्याचा आवाज असतो. नाना स्वतः बहुधा पुण्यात आहेत. राज्याचा कारभार त्यांना सोडत नाही.

इथं एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी, लेकीला आत्ता सांगायची नाही. हे नाना अठरा वर्षांचे असताना सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेत गेले होते. लढायला म्हणून नव्हे. आई आणि बायको बरोबर होत्या, तीर्थयात्रा घडवायची होती. त्या काळी एवढ्या लांबच्या यात्रेला फौजेची सोबत ही सगळ्यांत सुरक्षित सोबत वाटायची. अशी कितीतरी कुटुंबं त्या फौजेमागून चालली होती, आणि तीही आपल्यासारखीच, दशम्या बांधून. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. नाना वाचले, बायकोही पुढं सुखरूप पोचली. आई मात्र परत आली नाही. घरच्या माणसांना घेऊन देवदर्शनाला निघणं म्हणजे काय असू शकतं, हे या घाटाच्या मालकाला जितकं माहीत होतं तितकं क्वचितच कुणाला असेल. तुम्ही नकळत आजीचाही हात धरता.

घंटा बघायला मेणेश्वराकडं चला. ती एवढी मोठी आहे की लेक सहज तिच्याखाली उभी राहील. ओतली गेली १७०७ मध्ये, फिरंग्यांच्या चर्चसाठी. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. ही त्यांतली एक. पहारेकरी कौतुकानं सांगतो, "वसईची हाय. वाजवली तर पार पल्याडच्या गावाला कळतंय." लेकीचं लक्ष त्याच्याकडं नाही. तिला घंटेच्या अंगावर उठावाचं चित्र सापडलंय आणि ती त्यावरून बोट फिरवतेय. एक बाई, तिच्या कडेवर मूल.

"आजी, ही कुणाची आई?"

आजी चष्मा सावरते, जवळ जाते, नीट बघते. मरियम आहे, कडेवर येशू आहे, हे तिला कळतं. "त्या बाळाची," ती म्हणते. "नमस्कार कर." लेक हात जोडते. अडीचशे वर्षांत इथं घंटेखाली उभ्या राहिलेल्या बायकांनी दुसरं काय केलं असेल? ज्यांनी ती लढाईत मिळवली त्यांनीही तो उठाव घासून काढला नाही. मला मेणवलीत सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते, वाड्याच्या चौकांहून आणि भिंतींवरच्या चित्रांहूनही.

वाईत शिरताना दुपार होते. बाजारातून, रिक्षांच्या गर्दीतून थेट गणपती आळीच्या घाटावर उतरा. समोर ढोल्या गणपती. लेकीला बाहेरूनच आत बसलेला देव दिसतो आणि ती जागीच थांबते, कारण एवढा मोठा गणपती तिनं मांडवातच पाहिलेला आहे आणि तो प्लास्टरचा होता. हा एका दगडातला. मांडी रुंद, पोट भरलेलं, मान ताठ. "हा उठला तर छप्पर लागेल त्याला," ती म्हणते. खरं आहे.

दर्शन झालं की पुढून परत फिरू नका. सगळे तसंच करतात आणि या देवळातली सगळ्यांत शहाणी गोष्ट न बघता जातात. देवळाला वळसा घाला, मागं जा, आणि तिथं खालच्या पायरीवर पाय पाण्यात घाला.

१७६२. चुन्याची घाणी फिरतेय, बैल सुस्तावलेत, घाटावर सगळीकडं दगडाचा भुगा. देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते बांधताहेत. पानिपताला वर्षच उलटलंय. पेशव्यांच्या घरातली गोपिकाबाई ही याच रास्ते घराण्यातली लेक. तिचा थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला आणि त्या धक्क्यात काही महिन्यांत नवरा, नानासाहेब पेशवेही गेले. तिचं माहेर म्हणजे ही वाई. कुठल्या घरात कोण परतलं नाही हे घाटावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तरी दगड घडवणं चालू आहे. काही जण बोलत नाहीत, नुसते घाव घालत राहतात.

देवळाची मागची भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत येते आणि टोकाला मिळते. पाथरवटाला पोरीची उत्सुकता बघून बरं वाटतं. रोज रोज विचारणारं कुणी नसतं.

"म्होरं द्येव, मागं मासा," तो सांगतो. "पानी वरनं येतंय न्हवं? भित सपाट आसती तर थेट येऊन धडाकलं आसतं. हितं टोकाला आलं की फाकतंय. निम्मं ह्या अंगानं, निम्मं त्या अंगानं. द्येवाला धक्का न्हाई."

"माशाला डोळा कुठाय?"

तो विचार करतो. मग चुन्यात बोट बुडवून भिंतीवर एक पांढरा ठिपका लावतो. लेक मान हलवते. आता बरोबर.

वर जा, दोन आळ्या मागं, आणि लेकीला कडेवर घेऊन मग पाणी पायाला लागू द्या. यावेळी साल कळत नाही, पण महिना श्रावण असावा. आभाळ पाचगणीच्या बाजूनं काळंकुट्ट उतरलंय. नदी गढूळ, फुगलेली, ओंडके आणि बाभळीच्या फांद्या घेऊन आलेली. घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. लोंढा थेट देवळाच्या पाठीवर येतो आणि त्या टोकाशी फुटतो, फेस उडतो, दोन धारा दोन बाजूंनी निघून जातात. आत देव कोरडा आहे की नाही ते इथून दिसत नाही, पण देऊळ हलत नाही. माणसं घाटाच्या वर उभी राहून हे बघतायत. कुणी नारळ टाकतं, एक म्हातारी खणानारळानं ओटी भरते. हीच माणसं माघ महिना लागला की आळीआळीनं कृष्णाबाईचा उत्सव करतील, नदीला पाहुणी म्हणून मांडवात बसवतील. पुराला घाबरायचं, पूर येणार हे धरून भिंत बांधायची, आणि पूर आणणाऱ्या नदीचीच ओटी भरायची: वाईत या तिन्ही गोष्टी एकाच घरात चालतात आणि त्यांत कुणाला विसंगती दिसत नाही.

आजच्या वाईत परत आलात की एक गोष्ट खटकेल. घाटावर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य अडकलेलं असतं. कृष्णाकाठच्या कितीतरी छोट्या देवळांवर काळ्या दगडाला गुळगुळीत ऑइल पेंट फासलाय, कुठं फरशा चिकटवल्यात. दगडाला श्वास घेता येत नाही, ओल आत कोंडते आणि थर सुटायला लागतात. ज्यांनी पुराचं पाणी कुठून फुटेल याचा विचार करून भिंत वळवली, त्यांच्या कामावर रंगाचा डबा ओतणं हे मला सहन होत नाही. लेकीच्या हातातला बिस्किटाचा कागद आजी काढून घेते आणि पिशवीत ठेवते. निदान तेवढं.

साताऱ्याकडं जाताना हायवे सोडून लिंबला वळलात तर तिथं देऊळ नाही, विहीर आहे. तरीही थांबा. बारा मोटा एकाच वेळी चालतील अशी अष्टकोनी विहीर, शके १६४१ ते १६४६ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवलेली, आमराईला पाणी मिळावं म्हणून. आत छोटा महाल आहे, दगडी जिना आहे, आणि लेकीला जिन्यात प्रतिध्वनी सापडतो. मग अर्धा तास गेलाच समजा.

संध्याकाळी माहुली. वेण्णा इथं कृष्णेला मिळते. एका काठाला संगम माहुली, दुसऱ्या काठाला क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं, पलीकडं रामेश्वर. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथलेच. साताऱ्याच्या राजघराण्यातली माणसं इथं नदीकाठी अग्नीला दिली जात, म्हणून काठावर समाध्या आहेत. पूर आला की त्या पाण्याखाली जातात, गाळात जातात, आणि नदी उतरली की पुन्हा वर येतात.

लेकीला समाध्यांचं काय? तिला कुत्र्याची समाधी दाखवा. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. सांगतात, शिकारीत वाघ महाराजांवर झेपावला तेव्हा हा कुत्रा मध्ये पडला. महाराजांनी त्याला मानानं वागवलं, पालखी दिली. "कुत्रा पालखीत बसायचा?" ती विचारते. दोन पाय पाण्यात, आणि तुम्ही १७४०च्या आसपास कुठंतरी उतरता. काठावर होडीवाल्याची हाक, पलीकडं देवळातला झांजांचा आवाज, आणि रस्त्यानं एक छोटी पालखी येते. लेक टाचा उंचावून बघते. आत लाल गादीवर कुत्रा आहे की नाही, ते मी सांगणार नाही, ते तिलाच विचारा. ती आयुष्यभर सांगत राहील.

आजी मात्र दुसऱ्याच जागी उभी आहे. येसूबाईंची समाधी म्हणून दाखवतात तिथं. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचा होता. आई आणि मुलगा दोघंही मोगलांच्या कैदेत गेले. मुलगा सुटला १७०७ मध्ये, पंचविशीत. आई तिथंच राहिली. ती परतली १७१९ मध्ये. मधली तीस वर्षं एका बाजूला ठेवून तिनं सातारा पाहिला असेल तेव्हा तिच्या पोराचं राज्य उभं होतं. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले आणि त्यांचाही शेवट याच संगमावर झाला. आजीला तुम्ही हाक मारू नका. ती स्वतःहून येईल.

मुक्काम साताऱ्यात. कंदी पेढे घ्या, पण लेकीच्या हातात अख्खा पुडा देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंब्रज. समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती लोक एका-दोन दिवसांत गाडी करून करतात. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव हे सात साताऱ्यात, बाहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. १६४४ मध्ये शहापूरला सुरुवात झाली, १६५४ मध्ये शिराळ्याला शेवट. माझं म्हणणं, मूल लहान असेल तर दोनच निवडा आणि तिथं थांबा. उंब्रज आणि बाहे. दोन्ही पाण्याचे मारुती आहेत.

पाय बुडवून १६४९ च्या उंब्रजला पोचता तेव्हा मूर्ती अर्धी झालेली आहे. चुना, वाळू आणि ताग यांचं मिश्रण. दोन माणसं ते पायानं तुडवतायत. लेकीला वाटतं ही माती आहे आणि ती हात घालणार इतक्यात त्यांतला एक ओरडतो, "आगं, भाजंल! चुना हाय!" तुम्ही तिला मागं ओढता. तो तिला बाजूला बसवतो, हातात तागाचे तुकडे देतो. तिच्या मुठीतला ताग मिश्रणात जातो. पलीकडं नदीत एक भगवी छाटी नेसलेला गोसावी पोहतोय, लांब, सरळ हातांनी. गावात अशी कथा सांगतात की चाफळहून समर्थ इथं स्नानाला यायचे, एकदा ते प्रवाहात ओढले गेले आणि मारुतीनं त्यांना काठाला आणलं. चाफळचा रामही याच नदीनं दिलेला. अंगापूरच्या डोहातून तो वर आला, आणि त्याच डोहातून सज्जनगडची अंगलाईही. देव नदीतून काढायचे आणि काठावर बसवायचे, ही इथली रीत.

गोसावी बाहेर येतो तेव्हा तुम्ही त्याच्याकडं टक लावून बघू नका. कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. तो अंग पुसत मूर्तीकडं बघतो, मारुतीच्या दंडावर थोडा जास्त लेप द्यायला सांगतो आणि चालू लागतो.

कराडला प्रीतिसंगमावर गाडी पाच मिनिटं थांबवा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, असं दृश्य नद्यांत विरळा. मग पेठ नाक्यावरून डावीकडं, वाळवा तालुक्यात, बाहेला.

बाहेला कृष्णा दोन धारांत फुटते आणि मधे बेट राहतं. बेटावर रामलिंग, आणि मागं मारुती. कथा अशी: लंकेहून परतताना राम इथं शिवपूजा करत बसला असता नदीला लोंढा आला. मारुती मागं उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरून पाणी अडवलं, म्हणून धार दुभंगली. १६५१ मध्ये समर्थांनी डोहातून काढून बसवलेली ही मूर्ती तशीच उभी आहे, पाणी अडवण्याच्या पवित्र्यात. वाईच्या पाथरवटानं टोकदार भिंतीनं जे केलं ते इथं कथेनं शंभर वर्षं आधी केलं होतं: वरून येणारं पाणी दुभंगायचं आणि दोन बाजूंनी जाऊ द्यायचं.

लेकीला कथा एकदाच सांगावी लागते. पुढच्याच क्षणी ती गुडघाभर पाण्यात उभी आहे, पाठ प्रवाहाकडं, हात दोन्हीकडं ताणलेले, दात आवळलेले. पाणी तिच्या मांड्यांना धडकतं आणि दोन बाजूंनी जातं. "बघ! फाटलं!" तिच्याशेजारी आणखी तीन पोरं तशीच उभी आहेत, लंगोट्या लावलेली, काळी कुळकुळीत, आणि त्यांच्यातल्या एकानं गळ्यात चांदीचा ताईत घातलाय. ती कुठल्या सालातली आहेत हे विचारू नका. या बेटावर प्रत्येक पिढीतली पोरं हेच करत आली असणार. थोरली मुलं धाकट्यांचे दंड धरतायत, कारण इथला डोह खोल आहे आणि ते त्यांना घरी बजावून सांगितलेलं आहे. तुम्हीही तिचा दंड सोडत नाही. पहिला फ्रॉक भिजला. आजी दुसरा काढते.

औदुंबर वाटेत लागतं, दत्ताच्या पादुकांना हात जोडून पुढं व्हा. आणखी खाली, जिल्ह्याची हद्द ओलांडून नृसिंहवाडीला तर पुराचं पाणी देवळात एका दारानं शिरतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि लोक त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात. ते पाहायचं तर पावसाळ्यात वेगळं या, लेक मोठी झाल्यावर.

हरिपूरला दुपार. वारणा इथं कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या गाभाऱ्यात गार वाटतं आणि लेक फरशीवर गाल टेकून पडते. तिला झोपू द्या. बाहेर, नदीच्या बाजूच्या जमिनीत एके काळी हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोदलेली कोठारं, तोंड अरुंद आणि पोट मोठं, हळद त्यांत टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा बाहेर जाईपर्यंत वाट बघायचे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि फार नुकसान झालं. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. त्यांच्या आधीच्या नाटकाकडं आता आपण निघालोय.

सांगलीत आल्यावर आधी आयर्विन पूल. १९२९ चा. पुलाजवळची पट्टी वाचायला लेकीला शिकवा, तिला आकडे येतात. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीतलं कुठलंही मूल तुम्हाला पाणी कुठल्या दुकानाच्या पाटीपर्यंत आलं होतं ते दाखवेल. मग गणपती. पटवर्धनांचा गणपती, पंचायतनातला. भाद्रपदाच्या सुरुवातीलाच आलात तर चतुर्थीची वाट न बघता प्रतिपदेलाच गुपचूप बसणारा चोर गणपती बघायला मिळतो. कागदाच्या लगद्याचा आहे आणि त्याचं विसर्जन करत नाहीत. नदीकाठच्या गावानं एक गणपती पाण्याला न देता जपून ठेवलाय, हे लेकीला फार आवडतं.

आता शेवटचं. दिवेलागण झाली आहे. घाटावर जा, तिघांनीही पाय बुडवा.

५ नोव्हेंबर १८४३. गणपतीचं देऊळ अजून पुरं व्हायचं आहे, पुढच्या वर्षी होईल. परांच्या उभ्या आहेत, काळे दगड रांगेत मांडलेत. पण आज पाथरवटही काम टाकून राजवाड्याकडं चाललेत. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ संस्थानिक अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिला आणि असं काहीतरी मराठीत कर, असं आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यांनी केलं. 'सीता स्वयंवर'. मराठी रंगभूमीवरचं पहिलं मानलं जाणारं नाटक आज होणार आहे आणि आत जाणाऱ्यांतल्या कुणालाही नाटक म्हणजे काय हे अजून माहीत नाही.

तुम्ही कोपऱ्यात जागा धरता. दिवट्यांचा उजेड, तेलाचा वास. भाव्यांच्या हातच्या लाकडी बाहुल्या एका बाजूला ठेवल्यात, त्यांना दोऱ्या आहेत, डोळे रंगवलेले आहेत, आणि लेक त्यांच्याकडं सरकत जाते. आजी तिला मागं ओढते. सूत्रधार येतो, पदं म्हणायला लागतो. विदूषक येऊन त्याच्याशी हुज्जत घालतो आणि सगळी सभा हसते. मग पडदा बाजूला होतो आणि गणपती येतो. सोंड, मुकुट, पोट, आणि पाय खरे, चालणारे. ज्याचं देऊळ शेजारी बांधलं जातंय तो देव सभेत येऊन उभा राहतो. काही लोक बसल्या जागी हात जोडतात, आणि त्यांत आजीही आहे. सरस्वती मोरावर बसून नाचून जाते.

मग आतून आरोळी. राक्षस येतो, केस सोडलेले, तोंड रंगवलेलं, भयंकर ओरडत, आणि त्याच्या पायाखालची धूळ दिवट्यांच्या उजेडात उडते. पुढं बसलेली पोरं किंचाळून मागं पळतात. त्यांच्या उलट दिशेनं, तुमचा हात झटकून, तुमची लेक पुढं चाललीय, भिजलेल्या दुसऱ्या फ्रॉकमध्ये. आजी पदर खोचते आणि तिच्यामागून गर्दीतून वाट काढते. पहिल्या रांगेत रिकामी झालेली जागा आहे. दोघी तिथं मांडी घालून बसतात. तुम्हीही जा. रात्र मोठी आहे, शिवधनुष्य अजून यायचं आहे.